विणकराशेजारी सुसर

दसऱ्याआधीचा महिनाभर आमच्या म्हैसूरच्या गल्लीत कुणी कुणाला "यंदा काय?" असं विचारत नाही. विचारणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटात बोट घालणं. नवरात्राच्या पहिल्या संध्याकाळी घरोघर पायऱ्यांवर बाहुल्या बसतात. वरच्या पायरीवरची राजा-राणीची लाकडी जोडी सगळ्यांकडे सारखीच असते. चढाओढ असते ती खालच्या पायऱ्यांवरच्या देखाव्याची, आणि तो दार उघडेपर्यंत गुप्त असतो. नवऱ्यालासुद्धा सांगत नाहीत, कारण नवरे कॉफी प्यायला कोपऱ्यावर जातात.

मी विशालाक्षम्मांच्या वरच्या खोलीत भाड्याने राहते. समोर नागरत्नम्मांचं घर. मधली गल्ली एवढी अरुंद की एका घरात फोडणी दिली की दुसऱ्या घरात शिंक येते. दोघी लग्न होऊन एकाच वर्षी इथे आल्या आणि तेव्हापासून त्यांची बाहुल्यांवरून चुरस आहे. कोणत्या वर्षी कोण वरचढ ठरलं हे गल्लीत कुणाच्या लक्षात नाही. त्या दोघींच्या आहे, आणि दोघींचे निकाल वेगवेगळे आहेत.

नागरत्नम्मांचा मुलगा धीरज माझ्याबरोबर काम करतो. आमची कंपनी पाच जणांची. घरात ठेवायची जी बोलकी डबी असते, जिला हाक मारून प्रश्न विचारता येतो, तिच्यासाठी आम्ही छोटी छोटी कामं लिहितो. बाहुल्यांची कल्पना धीरजची. दसरा संपला की बाहुल्या जुन्या धोतरात गुंडाळून ट्रंकांत जातात आणि पुढच्या वर्षी कोण कुठे आहे ते कुणालाच आठवत नाही. गणपती शोधता शोधता तीन ट्रंका उपसाव्या लागतात. म्हणून डबीला सांगून ठेवायचं, "दुकानदार शेट्टी आणि त्याची बायको, पत्र्याच्या ट्रंकेत," आणि हवं तेव्हा विचारायचं. डबीमागचं फंक्शन, म्हणजे पायथन या संगणकभाषेतला छोटा प्रोग्राम, धीरजनं लिहिलं. डबीनं कोणत्या शब्दांत उत्तर द्यायचं ते मी ठरवलं. पहिली चाचणी याच दोन घरांत घ्यायची ठरली. गणेशोत्सव झाल्यावर दोघींनी आपापल्या सोयीच्या दिवशी ट्रंका उघडल्या, नव्या-जुन्या सगळ्या बाहुल्या डबीला सांगितल्या आणि ट्रंका बंद केल्या. सगळं सुरळीत झालं.

मग सर्वपित्री अमावस्या आली.

त्या दुपारी मी सुट्टी घेऊन खोलीत वाचत पडले होते. खालून विशालाक्षम्मांचा आवाज आला.

"चैत्रा! ए चैत्रा! तुझ्या डबीला भूत लागलंय. खाली ये."

मी गेले. दिवाणखान्यात जुन्या साड्यांचा ढीग, मधोमध उघडी हिरवी ट्रंक, आणि विशालाक्षम्मा कमरेवर हात ठेवून उभ्या.

"विचार तिला. तिसऱ्या पायरीचं सामान कुठे, विचार."

मी विचारलं. डबी माझ्याच ठरवलेल्या शब्दांत, अत्यंत अदबीनं म्हणाली, "तिसऱ्या पायरीसाठी हिरव्या ट्रंकेत विणकर, हातमाग आणि रेशमाचे कोष. खाटेखालच्या ट्रंकेत सुसर, गोल होडी आणि आंघोळ करणारे तीन भटजी."

"माझ्याकडे खाटेखाली ट्रंक नाही," विशालाक्षम्मा म्हणाल्या. "सुसर तर मुळीच नाही. विणकराशेजारी सुसर कशाला? साडी नेसायला?"

मी हसले. त्या हसल्या नाहीत. त्यांनी दार लोटलं आणि आवाज खाली आणला. "आता ऐकलंच आहेस तर ऐक. यंदा माझं रेशीम आहे. किड्यापासून साडीपर्यंत. कोष मी स्वतः कापसाचे केलेत. कुणाला सांगशील तर भाडं दुप्पट."

मी तोंडावर बोट ठेवलं. एवढ्यात समोरच्या व्हरांड्यातून आरोळी आली.

"काय गं विशालू, यंदा रेशीम का? माझ्यासाठी एक साडी बाजूला ठेव हो!"

विशालाक्षम्मांच्या हातातला विणकर हातातच राहिला. नागरत्नम्मा समोर कठड्याला टेकून आनंदानं पानाला चुना लावत होत्या. कळलेली गोष्ट पोटात ठेवणं त्यांना जमत नाही. ते त्यांच्या प्रकृतीतच नाही.

"मी कुणालाही सांगितलं नव्हतं," विशालाक्षम्मा हळू म्हणाल्या. "फक्त या डबीला. आणि डबी कुणी लिहिलीय?"

माझी नजर समोरच्या घराकडे गेली.

"तिच्या मुलानं. माझ्या घरात आईचा कान बसवून गेला, आणि मी त्याला वर खोबऱ्याची बर्फी दिली!" त्या व्हरांड्यात गेल्या आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "नागू, चोरून बघायचं होतं तर खिडकीतून बघायचंस. पोराला कशाला कामाला लावलंस? उद्या मी तुझ्याकडे कुंकवाला येणार नाही. आणि तूही येऊ नकोस."

खिडक्या धडाधड बंद झाल्या. दोन्ही घरांच्या.

हे किती मोठं होतं ते बाहेरच्याला कळणार नाही. या दोघी पुष्कळ गोष्टींवरून भांडल्या आहेत. नळावरून, मांजरावरून, कुणाच्या जाईची फांदी कुणाच्या भिंतीवर आली यावरून. पण पहिल्या संध्याकाळी एकमेकींच्या बाहुल्या बघायला गेल्या नाहीत असं कधी झालेलं नाही. विशालाक्षम्मांचं बाळंतपण नवरात्रात आलं त्या वर्षी नागरत्नम्मा आपल्या बाहुल्यांचं वर्णन करायला दवाखान्यात गेल्या होत्या आणि म्हणे सगळं चुकीचं सांगून आल्या होत्या.

थोड्या वेळानं धीरज मागच्या जिन्यानं वर माझ्या खोलीत आला. चेहरा पडलेला.

"चैत्रा, मी काही केलेलं नाही."

"मला माहीत आहे."

"आईला वाटतंय मी केलंय. आणि तिला राग आलेला नाही, हे जास्त वाईट आहे. 'माझ्या मुलानं माझ्यासाठी केलं' म्हणून तिनं मला दुसरी पुरणाची पोळी वाढली. वर तूप."

"खाल्लीस?"

"गरम होती."

मी त्याला बसवलं. पेटी त्याच्या मांडीवर उघडायला लावली. पेटी म्हणजे त्याचा लॅपटॉप, आमच्याकडे सगळ्यालाच पेटी म्हणायची सवय लागली होती. माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती: सुसर. धीरजनं आईसाठी हेरगिरी केली असती, तर बातमी एकाच दिशेनं गेली असती. पण विशालाक्षम्मांच्या डबीतून सुसर निघाली होती.

"तुमच्याकडे खाटेखाली ट्रंक आहे?"

धीरज थबकला. "का?"

"आणि तीत गोल होडी आहे?"

"हळू बोल!" त्यानं खिडकीकडे पाहिलं. "यंदा आईची कावेरी आहे. उगमापासून समुद्रापर्यंत. तुला कुणी सांगितलं?"

"विशालाक्षम्मांच्या डबीनं. फक्त त्यांना वाटतंय की डबीला भूत लागलंय."

प्रकरण दोन्ही बाजूंनी गळत होतं. आणि अडचण अशी की धीरजचं निर्दोषत्व सिद्ध करायला सुसर पुढे आणावी लागणार होती. सुसर पुढे आली की त्याच्या आईची कावेरी उघडी पडणार.

"आधी कारण शोधू," मी म्हणाले.

हे फंक्शन आमच्या ऑफिसातल्या कुठल्या यंत्रावर रात्रंदिवस चालू नसतं. ते दूर कुठेतरी झोपलेलं असतं. कुणी डबीला हाक मारली की जागं होतं, उत्तर देतं, आणखी कुणी हाक मारेल म्हणून थोडा वेळ पडल्या पडल्या वाट बघतं, आणि कुणी आलं नाही तर पुन्हा गाढ झोपतं. झोपलं की सगळं विसरतं. म्हणून प्रत्येक घराच्या बाहुल्या वेगळ्या कोठारात लिहून ठेवलेल्या होत्या. मी कोठार तपासलं. तिथे रेशीम रेशमाच्या जागी होतं आणि कावेरी कावेरीच्या.

"साठवण बरोबर आहे," मी म्हणाले. "उत्तर वाढताना काहीतरी होतंय."

मी फंक्शन ओळीओळीनं वाचत गेले. एका ओळीशी थांबले.

"ही द्विरुक्ती काढून टाकणारी ओळ कशाला?"

"ती? परवा चालवून बघताना एकच बाहुली दोनदा यायची. लागोपाठ विचारलं की. म्हणून दुसरी गाळली."

"दोनदा का यायची?"

धीरज कान खाजवत म्हणाला, "ते बघायचं राहिलं. गाळली की बरोबर यायचं."

"म्हणजे डाग दिसला आणि तू त्यावर रांगोळी काढलीस."

त्यानं स्वतःच मजकूर वर नेऊन फंक्शनची पहिली ओळ वाचली आणि कपाळावर हात मारला. बाहुल्या गोळा करायला त्यानं तिथेच, फंक्शनच्या डोक्यावर, एक रिकामी यादी देऊन ठेवली होती. वाचणाऱ्याला वाटतं, दर वेळी नवी कोरी यादी मिळेल. पायथनमध्ये तसं होत नाही. ती यादी एकदाच तयार होते, आणि फंक्शन जागं आहे तोवर प्रत्येक हाकेला तीच पुढे येते, आधीचं सगळं पोटात घेऊन. पायथन शिकवताना हा खड्डा सगळ्यांना दाखवतात. धीरज दोन उन्हाळे मुलांना पायथन शिकवत होता आणि हा खड्डा त्यांना काठीनं दाखवत होता.

"पण इतके दिवस कसं काही झालं नाही?" त्यानं विचारलं.

"कारण इतके दिवस त्या वेगवेगळ्या वेळी बोलत होत्या. एकीनं सकाळी विचारलं, दुसरीनं संध्याकाळी. मधे फंक्शन झोपून विसरायचं. आज अमावस्या. आज दोघींनी एकाच वेळी ट्रंका उघडल्या. त्याला झोपायला मिळालंच नाही."

धीरजचा हात बटणांकडे गेला. मी तो धरला.

"दुरुस्त करू नकोस."

"एका ओळीचं काम आहे!"

"म्हणूनच. आता दुरुस्त केलंस तर दाखवायला काय उरलं? खाली जाऊन सांगणार, चूक होती पण आता नाही? माझाही विश्वास बसला नसता. प्रयोग करून दाखवावा लागेल. दोघींच्या समोर."

त्यासाठी आधी नागरत्नम्मांना तयार करायला हवं होतं, कारण प्रयोगात त्यांची कावेरी वाहून जाणार होती. आम्ही मागच्या दारानं गेलो. त्या जमिनीवर बसून सुसरीच्या पाठीवरची धूळ ब्रशनं झाडत होत्या. धीरजनं सगळं सांगितलं. त्यांना चुकीत रस वाटला नाही.

"म्हणजे तू माझ्यासाठी केलं नव्हतंस?"

"नाही आई."

"मग पोळी उगाच वाढली." त्यांनी सुसर बाजूला ठेवली. "आणि आता माझा देखावा तिला ऐकवायचा? वर्षभराची मेहनत?"

"नाही ऐकवला तर त्या उद्या येणार नाहीत," मी म्हणाले.

"नको येऊ दे. गल्लीत बायका काय कमी आहेत?" त्या उठल्या, सुसर उचलली, पुन्हा ठेवली. "पण बाकीच्या येतात, 'छान छान' म्हणतात, उसळ खातात आणि जातात. चूक काढायला तीच लागते. भटजींचं जानवं उलट्या खांद्यावर आहे हे दुसऱ्या कुणाला दिसणारे?"

जानवं खरंच उलट्या खांद्यावर होतं.

"चल," त्या म्हणाल्या. "काय करायचं ते सांग."

विशालाक्षम्मांना तयार करणं अवघड गेलं. मी त्यांना फंक्शन, यादी, झोप असं सांगू लागले, तर त्या विणकराच्या पागोट्याकडे बघत राहिल्या. मग मी स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं.

"लग्नाला आचारी बोलावतो ना आपण? तो घरी राहत नाही. बोलावलं की येतो, करतो, जातो. समजा तुमच्याकडे सार करून झालं आणि लगेच समोरच्या घरानं त्याला हाक मारली. तो तेच पातेलं घेऊन गेला आणि त्यात त्यांची खीर केली."

"न विसळता?"

"न विसळता."

"म्हणजे माझं सार तिच्या खिरीत."

"आणि त्यांची खीर तुमच्या साराच्या दुसऱ्या फेरीत. सुसर तिथून आली."

विशालाक्षम्मांनी विणकराचं पागोटं सरळ केलं. "पातेलं न विसळणारा मुलगा नागूचाच असणार, एवढं पटलं. बाकीचं दाखव."

धीरजला गल्लीच्या मधोमध खुर्ची टाकून बसवलं, हात गुडघ्यांवर. त्याचा फोन आणि लॅपटॉप माझ्या ताब्यात. अट अशी की अर्धा तास दोन्ही डब्यांशी कुणी एक अक्षर बोलायचं नाही. हा प्रयोगाचा सगळ्यात कठीण भाग होता. नागरत्नम्मा दोनदा सवयीनं डबीला वेळ विचारायला निघाल्या. दोन्ही वेळा धीरज खुर्चीतून ओरडला. तोवर वरच्या-खालच्या घरांतल्या बायका कठड्यांवर जमल्या. कुणीतरी धीरजला कॉफी आणून दिली. हात गुडघ्यांवरून काढायची परवानगी नसल्यामुळे ती मी पाजली.

अर्धा तास झाला. मी नागरत्नम्मांच्या घरात गेले, खिडकी लावून घेतली. त्यांनी डबीला आपलं सामान विचारलं. डबीनं फक्त कावेरी सांगितली. रेशमाचा धागाही नाही.

मी व्हरांड्यात येऊन सांगितलं, "झोपून उठल्यावर स्वच्छ आहे. आता विशालाक्षम्मा, तुम्ही आत जा, दार लावा, आणि डबीला एक नवी वस्तू सांगा. काहीही. धीरजला सुचणार नाही अशी. मलाही सांगू नका."

त्या आत गेल्या. दार लागलं. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जो भाव होता तो मी पूर्वी फक्त त्यांच्या मांजराच्या चेहऱ्यावर पाहिला होता.

"आता खिडक्या उघडा," मी समोर ओरडले. "नागरत्नम्मा, लगेच विचारा. मोठ्या आवाजात."

नागरत्नम्मांनी विचारलं. डबीनं आवाज पूर्ण मोठा करून, तेवढ्याच अदबीनं, साऱ्या गल्लीला सांगितलं:

"खाटेखालच्या ट्रंकेत सुसर, गोल होडी आणि आंघोळ करणारे तीन भटजी. हिरव्या ट्रंकेत विणकर, हातमाग, रेशमाचे कोष आणि नागरत्नाचं लांब नाक."

तिसऱ्या मजल्यावरून कुणीतरी फुटलं आणि सगळे कठडे हसू लागले. धीरजनं गुडघ्यांवरचे हात उचलून तोंड झाकलं.

नागरत्नम्मा व्हरांड्यात आल्या. त्यांनी नाक वर करून विशालाक्षम्मांकडे पाहिलं, आत गेल्या आणि खिडकी लावली. मला वाटलं, संपलं. एवढ्यात खिडकी पुन्हा उघडली.

"चैत्रा, आता तिला विचारायला सांग! प्रयोग अर्धा राहिलाय!"

विशालाक्षम्मांनी विचारलं. त्यांची डबी म्हणाली, "हिरव्या ट्रंकेत विणकर, हातमाग, रेशमाचे कोष आणि नागरत्नाचं लांब नाक. खाटेखालच्या ट्रंकेत सुसर, गोल होडी, आंघोळ करणारे तीन भटजी आणि विशालाक्षीनं करपवलेला म्हैसूरपाक."

"तो करपला नव्हता!" विशालाक्षम्मा ओरडल्या. "खरपूस होता!"

"विटेसारखा होता!"

"दोन वड्या मागून नेल्यास!"

"चूल लेवल करायला!"

हे असं बराच वेळ चाललं आणि मी धीरजचा फोन आणि लॅपटॉप त्याला परत दिले. दोघी पूर्ववत भांडत होत्या. ओरडता ओरडता विशालाक्षम्मा मधेच थांबल्या.

"थांब. सुसर, होडी, भटजी. म्हणजे नागू, तुझी नदी आहे! कावेरी!"

"कळलं ना आता? फिटलं."

"भटजी काठावर आहेत की पाण्यात?"

"पाण्यात."

"मग पाण्याला निळं कापड लावू नकोस. आश्विनात कावेरी मातकट असते."

नागरत्नम्मा घाईनं आत गेल्या आणि काही वेळानं त्यांच्या घरून दुसरी ट्रंक ओढल्याचा आवाज आला.

धीरज खुर्चीतून उठला. विशालाक्षम्मांनी त्याला व्हरांड्यातून हाक मारली. "ए, इकडे बघ. तू हेर नाहीस, हे मान्य. निष्काळजी आहेस. दोन्हींत निष्काळजी बरा. पातेलं विसळ."

त्यानं तिथेच, गल्लीत उभ्या उभ्या, ओळ बदलली. यादी फंक्शनच्या आत नेली, दर हाकेला कोरी. रांगोळीची ओळही पुसली. मग मी अर्धा तास दोन्ही घरांत पळापळ करून लागोपाठ प्रश्न विचारले, आणि रेशीम व कावेरी पुन्हा एकमेकांना भेटली नाहीत.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नागरत्नम्मांच्या दारात पहिली हजेरी विशालाक्षम्मांची होती. मोरपंखी रेशमी साडी, हातात गजरा. कावेरी मातकट कापडाची झाली होती. विशालाक्षम्मा एकेक पायरी निरखत खाली आल्या, वाकल्या आणि म्हणाल्या, "मधल्या भटजीचं जानवं उलटं आहे."

नागरत्नम्मांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते लपवायला त्यांनी कुंकवाची कोयरी शोधायला घेतली.

आम्ही विशालाक्षम्मांकडे परतलो तर दारात मुलांचा घोळका. या दिवसांत मुलं घरोघर बाहुल्या बघून खाऊ घेत फिरतात. रेशमाचा देखावा त्यांनी पाहिला, कापसाच्या कोषांना बोटं लावून झाली, खाऊ हातात घेतला, पण कुणी हलेना.

"काय रे?" विशालाक्षम्मांनी विचारलं.

"सुसर कुठाय?" एक मुलगी म्हणाली. "डबी म्हणाली होती ना, विणकराजवळ सुसर आहे."

"ती समोरच्या घरी."

"नाही," मुलगी ठाम होती. "विणकराजवळ."

विशालाक्षम्मांनी समजावून पाहिलं. आचारी, पातेलं, सार, खीर, सगळं सांगून झालं. मुलांनी शांतपणे ऐकलं आणि पुन्हा विचारलं, सुसर कुठाय. शेवटी त्या व्हरांड्यात गेल्या.

"नागू! तुझी सुसर दे जरा!"

"कशाला?"

"साडी नेसायला!"

नागरत्नम्मा आरतीच्या तबकात सुसर ठेवून, तिच्यावर पदर धरून, गल्ली ओलांडून आल्या. विणकर थोडा सरकवला, कोषांची परडी उजवीकडे घेतली, आणि सुसर हातमागाकडे तोंड करून बसली. मुलांनी पाहिलं, मान डोलावली आणि पुढच्या घरी गेली. मग रोज संध्याकाळी दिवेलागणीनंतर सुसर या तीरावर येऊ लागली आणि रात्री जेवणाआधी परत जाऊ लागली. तिला आणायला-पोचवायला दोघींपैकी कुणीतरी लागायचं, आणि जी यायची ती बसायचीच.

पाचव्या दिवशी धीरज आईला बोलवायला आला. विशालाक्षम्मांनी त्याला पायऱ्यांकडे बोट दाखवलं.

"पातेलं विसळलंस म्हणालास ना रे? मग ही इकडे कशी?"

"ही तुम्ही आणलीत," धीरज म्हणाला.

"बोलतो बघ कसा," विशालाक्षम्मा नागरत्नम्मांना म्हणाल्या आणि त्याच्या हातावर खोबऱ्याची बर्फी ठेवली.